‘ते’ कासव : तो की ती?



आपल्या मराठीत कुत्रा ‘तो’ असतो, मांजरी ‘ती’ असते, पण कासव मात्र ‘ते’. भाषेनंच त्याला ना पुरुषात धरलं, ना बाईत. घरात कासव आलं की आपण त्याचं नाव बाळ्या, गणू नाहीतर राजा ठेवतो आणि मोकळे होतो. तो आहे की ती, हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. आज मी त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे, कारण त्याचं उत्तर माहीत नसल्यानं कासवाच्या जिवावर बेतू शकतं.

मी पशुवैद्य आहे. एका हिवाळ्यात एक ताई बादलीत कासव घेऊन दवाखान्यात आल्या. नाव बाळ्या, वय आठ वर्षं. त्या सांगायला लागल्या, “डॉक्टर, बारा दिवस झाले, खात नाही. आधी आठवडाभर टाकीच्या काचेवर नुसता चढायला बघत होता. मागच्या पायांनी काचेला ओरबाडायचा. आता गप्प पडून आहे. घरचे म्हणतात, थंडीनं मंदावलाय, तू उगाच जिवाला लावून घेतेस. पण मला चैन पडेना.”

मी बाळ्याला उलटून पाहिलं आणि एक्स-रे काढला. पोटात सहा अंडी! आठ वर्षांचा बाळ्या ही बाळी निघाली. अंडी घालायला माती हवी, ती मिळेना, म्हणून तिनं अंडी पोटातच धरून ठेवली होती. कॅल्शियम दिलं, मग कळा येण्याचं इंजेक्शन दिलं, कोमट पाण्यात ठेवलं. दुसऱ्या दिवसापर्यंत सहाही अंडी बाहेर आली आणि ती वाचली. पण ती वाचली त्या ताईंच्या लक्ष ठेवण्यामुळे. अजून आठवडा गेला असता तर मीही फार काही करू शकले नसते.

“पण डॉक्टर, ती एकटीच होती. नर नाही, मग अंडी कशी?” हा ताईंचा पहिला प्रश्न. मैत्रिणींनो, कोंबडी आठवा. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालतेच, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. कासवीचंही तसंच. म्हणून घरात एकच कासव असलं तरी ते नर की मादी हे कळायला हवं.

आता ओळखायचं कसं ते बघू. आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानातून येतं ते बहुतेक वेळा लाल कानाचं कासव, म्हणजे डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं, पाण्यात राहणारं. मूळचं ते अमेरिकेतलं. आजच्या खुणा मुख्यतः त्याच्याच आहेत.

पहिली गोष्ट, घाई करू नका. पिल्लू रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं असतं तेव्हा बाहेरून काहीच कळत नाही. दुकानदार ‘जोडी आहे’ म्हणून दोन पिल्लं देतो, त्यात काही अर्थ नाही. पाठीचं कवच साधारण दहा सेंटीमीटर, म्हणजे आपल्या तळहाताएवढं झालं की नराच्या खुणा दिसू लागतात. मादीची वाढ उशिरा पुरी होते. त्यामुळे लहान कासवात नराची खूण दिसली नाही, तर ती मादीच असं ठरवू नका. आणखी वर्षभरानं पुन्हा बघा.

दुसरी आणि सगळ्यात भरवशाची खूण शेपटीची. कासवाची विष्ठा, लघवी, अंडी हे सगळं शेपटीवरच्या एकाच भोकातून बाहेर येतं. ते भोक कुठे आहे ते पाहायचं. नराची शेपटी लांब आणि बुडाशी जाड असते, आणि भोक पाठीच्या कवचाच्या कडेबाहेर, टोकाच्या बाजूला असतं. मादीची शेपटी आखूड, बारीक असते, आणि भोक कडेच्या आत, अंगाजवळ असतं.

तिसरी खूण पुढच्या पायांच्या नखांची. लाल कानाच्या वयात आलेल्या नराची पुढची नखं चांगली लांब असतात, मादीची आखूड. नर मादीच्या तोंडासमोर येऊन ही नखं थरथरवतो, तिला राजी करायला. पण लहान कासवं, कधी कधी माद्यासुद्धा, असं करतात. तेव्हा वागण्यावरून ठरवू नका, नखांची लांबी बघा. आणि नखं लांब दिसली म्हणून नेलकटरनं कापू तर मुळीच नका.

चौथी खूण आकाराची. पूर्ण वाढलेली मादी नरापेक्षा बरीच मोठी होते. एकाच वयाच्या दोन कासवांत एक ताटलीएवढं आणि दुसरं वाटीएवढं असेल, तर मोठी बहुधा मादी. मात्र खाणं कमी-जास्त असेल तर ही खूण फसवते, म्हणून एकट्या आकारावर जाऊ नका.

पाचवी खूण पोटाची. जमिनीवरच्या कासवांत नराचं पोटाकडचं कवच मध्ये खोलगट असतं, म्हणजे मादीच्या पाठीवर चढताना तो घसरत नाही. मादीचं सपाट असतं, अंड्यांना जागा हवी म्हणून. लाल कानाच्या कासवात हा फरक फार जाणवत नाही.

बघताना कासव पलंगावर किंवा सतरंजीवर, जमिनीलगत धरा. दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी पकडा, शेपटीला धरून उचलू नका, शेपटी दाबू नका. काही सेकंद बघून लगेच सरळ करा. मग साबणानं हात धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि त्यांनी जुलाब-ताप होतो. कासवाचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका आणि लहान मुलांना कासवाचा पापा घेऊ देऊ नका.

समजा मादी निघाली. मग तिला कोरडी जागा द्या. एखादा मोठा टब घ्या, त्यात ती सहज वळू शकेल असा. वाळू आणि माती मिसळून, जरा ओलसर करून, तिच्या कवचाच्या लांबीइतकी तरी खोल भरा. ती अस्वस्थ दिसली, चढायला बघू लागली, मागच्या पायांनी उकरू लागली, की तिला त्या टबात ठेवा आणि लांब व्हा. कुणी टक लावून बघत असेल तर ती अंडी घालत नाही. रोज तिला कोवळं ऊन मिळू द्या, काचेआडून नव्हे, थेट. अंड्याचं कवच बनायला कॅल्शियम लागतं आणि ते अंगी लागायला ऊन लागतं. बाळंतिणीला आपण जे सांगतो तेच. मात्र शेजारी सावली हवीच. उकरणं थांबलं, खाणं सुटलं, ती कुंथतेय किंवा मलूल झालीय असं दिसलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

समजा नर निघाला. मग एक गोष्ट लक्षात ठेवा. कधी पाण्यात असताना त्याच्या शेपटीतून काळपट जांभळा मांसल भाग बाहेर येतो. बायका घाबरतात, आतडं बाहेर आलं म्हणतात. ते त्याचं लिंग असतं आणि थोड्या वेळात आपोआप आत जातं. आत गेलं नाही, तर मात्र तो भाग ओला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. आणि नराला सोबत म्हणून घाईनं मादी आणू नका. लहान टाकीत तो तिच्या सतत मागे लागतो, चावतो. कासवाला एकटं राहणं जड जात नाही.

आता कायद्याचं. पाठीवर चांदण्यांसारखी पिवळी नक्षी असलेलं स्टार कासव, किंवा आपल्या नदी-तळ्यातलं कुठलंही कासव, घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. लक्ष्मी येते म्हणून कुणी भेट दिलं तरी गुन्हाच. देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असतं, तेवढं पुरे. घरी असं कासव आलं असेल तर वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवा. आणि लाल कानाचं कासव मोठं झालं, नकोसं झालं, म्हणून तळ्यात सोडू नका. ते आपल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. न झेपणारं असेल तर मुळात आणूच नका, कारण ते वीस-तीस वर्षं जगतं.

आपल्या संतांनी कासवीची नजर सांगितली आहे. कासवी नुसत्या नजरेनं पिल्लांना वाढवते, असा तो दृष्टांत. खरं तर कासवी मातीत अंडी पुरते आणि निघून जाते. पिल्लं नर होणार की मादी, हेही मातीची ऊब ठरवते. लाल कानाच्या कासवात अंडी 26 अंशांच्या आसपास राहिली तर नर होतात, 31 अंशांच्या आसपास राहिली तर माद्या.

पण घरात पाळलेल्या कासवाला नजर लागतेच, ती आपली. ते ओरडत नाही, कण्हत नाही. त्याचं खाणं कधी सुटलं, ते कधी उकरायला लागलं, हे रोज त्याचं पाणी बदलणाऱ्या बाईलाच आधी दिसतं. त्या ताईंना दिसलं होतं. घरचे ‘उगाच’ म्हणाले, तरी त्या बादली घेऊन निघाल्या. तुम्हाला दिसलं तर तुम्हीही निघा.

आणि हो, त्या कासवीचं नाव अजून बाळ्याच आहे. टाकीशेजारी आता मातीचा टब आहे.