गाडी उशिरा आली, म्हणजे नेमका कुठे उशीर झाला?

शेवगाव तालुक्यात कुणाच्या छातीत कळ आली, कुणाला पान लागलं, की घरातलं जाणतं माणूस म्हणतं, "108 ला लावा." राज्यात 2014 साली ही सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यात 937 गाड्या होत्या. त्यांपैकी 233 गाड्यांत हृदयविकारासारख्या गंभीर रुग्णासाठी लागणारी यंत्रणा होती, बाकी 704 प्राथमिक उपचाराच्या. दहा वर्षांत या गाड्यांनी असंख्य जीव वाचवले. तरीही पारावर सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य एकच : गाडी उशिरा आली. तक्रार खरी असते. त्यावर सांगितली जाणारी कारणं मात्र बहुधा अंदाजाची असतात, आणि अंदाजाने सुधारणा होत नाही.

गैरसमज : फोनवर प्रश्न विचारत बसतात, तेवढ्यात गाडी पोचली असती.

आपला फोन शेवगावात वाजत नाही, पुण्यातल्या औंधच्या नियंत्रण कक्षात वाजतो. घाबरलेला माणूस तिथल्या व्यक्तीला सांगतो, "जळगाववरून बोलतोय." ऐकणाऱ्यासमोर खानदेशातला जळगाव जिल्हा उभा राहतो. आपल्या तालुक्यात तर ढोरजळगावही आहे आणि लाडजळगावही. नुसतं "टाकळी" म्हणावं तर शहरटाकळी की बालमटाकळी? दोन्हींच्या वाटा वेगळ्या दिशांना जातात. चुकीच्या दिशेने निघालेली गाडी परत फिरवण्यात जी वीस-पंचवीस मिनिटं जातात, ती गाव, तालुका आणि जवळची खूण विचारण्याच्या एका मिनिटाने वाचतात.

इंग्लंडमध्ये सुमारे 1 कोटी 40 लाख फोनच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्याआधारे 2017 साली तिथे नियम बदलला. जीव तत्काळ धोक्यात असेल तर गाडी लगेच निघते. बाकी फोनवर नीट विचारून ठरवायला कर्मचाऱ्याला जास्त अवधी मिळतो. त्यामुळे घाईघाईत दोन-तीन गाड्या एकाच ठिकाणी धाडणं टळतं आणि खऱ्या अत्यवस्थ रुग्णासाठी गाडी मोकळी राहते.

गैरसमज : सरासरी वेळ चांगली आहे, म्हणजे सेवा चांगली आहे.

आपल्याकडे गाडी ग्रामीण भागात 30 मिनिटांत आणि शहरात 20 मिनिटांत पोचावी, अशी अपेक्षा धरली जाते. समजा, एका आठवड्यात दहा फोन आले. त्यांतले आठ शेवगाव शहराजवळचे, गाडी 12 मिनिटांत पोचली. उरलेले दोन गोदाकाठच्या लांबच्या वस्त्यांवरचे, तिथे 70 मिनिटं लागली. सरासरी निघते 23.6 मिनिटं. अहवालात सगळं ठीक. पण त्या दोन घरांनी सव्वा तासाच्या आसपास वाट पाहिली, आणि सरासरीने त्यांना पुसून टाकलं. म्हणून या क्षेत्रातले जाणकार दहातल्या नऊ रुग्णांपर्यंत गाडी किती वेळात पोचली, हे पाहतात. मला त्याहीपुढे जाऊन तो दहावा रुग्ण कोणत्या गावचा होता हे पाहावंसं वाटतं. दर महिन्याला तो त्याच दिशेचा निघत असेल, तर त्याला योगायोग म्हणता येणार नाही.

शिवाय घड्याळ कधी थांबवायचं, हाही प्रश्न आहे. गाडी फाट्यावर आली की 'पोचली' अशी नोंद होऊ शकते. रुग्ण मात्र उसाच्या कडेने दीड किलोमीटर आत वस्तीवर असतो. आपल्याकडे निम्मं गाव वस्त्यांवर राहतं, तेव्हा गाडी पोचल्याची वेळ आणि डॉक्टर रुग्णाजवळ पोचल्याची वेळ, दोन्ही स्वतंत्र लिहिल्या गेल्या पाहिजेत.

गैरसमज : गाड्या वाढवल्या की प्रश्न सुटला.

गाड्या हव्यातच. लाखभर लोकसंख्येमागे एक प्राथमिक उपचाराची आणि पाच लाखांमागे एक प्रगत उपचाराची गाडी, हा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकष आहे. 2011 च्या जनगणनेत शेवगाव तालुक्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या घरात होती. पण एका रुग्णाला नगरला हलवायचं ठरलं की काय होतं, ते पाहा. जायला साठ-पासष्ट किलोमीटर, यायला तेवढेच, आणि मध्ये रुग्णालयात रुग्ण ताब्यात देण्यातला वेळ. तीन-चार तास ती गाडी तालुक्यात नसतेच. त्या वेळात दुसरा फोन आला, तर शेजारच्या तालुक्यातली गाडी निघते. लोक म्हणतात गाडी उशिरा आली. खरं तर ती वेळेवरच निघाली, पण फार लांबून.

म्हणून माझ्या मते या तालुक्यात सगळ्यांत मोलाची नोंद 'रेफर'ची आहे. कोणत्या कारणासाठी, किती वाजता, कुठे पाठवलं? रक्त नव्हतं म्हणून? भूलतज्ज्ञ रात्री नव्हते म्हणून? वर्षभराची कारणं एका तक्त्यात मांडली, तर कदाचित दिसेल की शेवगावच्या ग्रामीण रुग्णालयात एक रिकामी जागा भरली असती, तर गाडीच्या कितीतरी फेऱ्या वाचल्या असत्या. गाडीचा प्रश्न असा रुग्णालयात सुटू शकतो.

जागा आणि वेळ यांचंही तसंच. गळीत हंगामात रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे दिवा नसलेल्याही. अपघात कोणत्या महिन्यांत, कोणत्या तासांत, कोणत्या वळणावर होतात, हे नोंदींतून स्पष्ट झालं, तर तेवढ्या काळापुरती गाडी बोधेगावच्या बाजूला उभी ठेवता येते. त्यासाठी नवी गाडी लागत नाही.

गैरसमज : जितकी वेगात नेली, तितका रुग्ण वाचला.

आठ मिनिटांत पोचण्याचा जगभर गाजलेला आकडा 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल परिसरात हृदय बंद पडलेल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासातून आला. तो साऱ्याच आजारांना लावणं चूक आहे. साप चावलेल्या माणसाला घेऊन पासष्ट किलोमीटर धावण्यापेक्षा प्रतिसर्पविष जिथे आहे त्या जवळच्या सरकारी दवाखान्यात ते सुरू करणं आणि मग गरज असेल तर पुढे हलवणं जास्त महत्त्वाचं. त्यासाठी आज कुठल्या दवाखान्यात किती कुप्या शिल्लक आहेत, हे गाडीतल्या डॉक्टरला कळायला हवं.

आणि रुग्णाचं पुढे काय झालं, हेही. गाडीची नोंद रुग्णालयाच्या दारात संपली, तर वेळ कळते, जीव वाचला की नाही ते कळत नाही.

गैरसमज : ही मोठ्या शहरांची, संगणकवाल्यांची कामं आहेत.

रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, दगावत होती. त्यांनी रुग्णाजवळ रात्रभर बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून मृत्यूचं कारण उलगडलं, पुढे प्राझोसिन हे औषध पुढे आलं, आणि सुमारे 40 टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्यापर्यंत खाली आलं. हाताशी वही होती आणि लिहिण्याची चिकाटी होती.

आपल्या गाडीत तर जीपीएस आहे. फोन किती वाजता आला, गाडी कुठून निघाली, कधी पोचली, हे नोंदलं जातं. आता येत्या ग्रामसभेत चार गोष्टी विचारता येतील, आणि उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करता येईल : गेल्या सहा महिन्यांत आपल्या गावातून 108 ला किती फोन गेले? त्यांतल्या कितींना 30 मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला? ते कोणत्या तासांतले होते? आणि त्या वेळी आपल्या तालुक्याची गाडी कुठे होती?