महिनाभर जागणारा बाजार बारा महिने का जागू नये?

रमजान लागला की छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादच्या शहागंज, सिटी चौक, बुढीलेनचे रूपच पालटते. असरच्या नमाजनंतर खजूर, कापलेली फळे, भजी, समोसे यांच्या गाड्या लागतात. इफ्तारच्या वेळी पाच-दहा मिनिटे सारा रस्ता शांत होतो आणि तरावीह आटोपली की माणसांचा पूर लोटतो. शेवया, सुकामेवा, अत्तर, टोप्या, बांगड्या, चपला, लहान मुलांचे कपडे, काय हवे ते मिळते. शेवटच्या दहा दिवसांत तर सहेरीच्या सुमारास दुकानांची शटर खाली येतात. नान-कलियाच्या देगेभोवती रोजा ठेवणारे आणि न ठेवणारे शेजारी-शेजारी उभे असतात.

मग ईद होते. आठवडाभरात गर्दी ओसरते आणि उरलेले अकरा महिने हाच बाजार संध्याकाळी पेंगायला लागतो. गिऱ्हाईक निराला बाजार, कॅनॉट, जालना रोड नाहीतर मॉलकडे वळते. जुन्या शहराचे काय करायचे, यावर गेली कित्येक वर्षे वाद चालला आहे. निवडणुका आल्या की तो तापतो, झाल्या की विझतो. या महिन्यात बाजार डोळ्यांसमोर भरलेला असताना हा वाद पुन्हा मांडून पाहायला हरकत नाही.

पाण्यावर वसलेले शहर

१६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तेव्हा आधी पाण्याचा विचार केला. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी, केवळ उताराच्या जोरावर, वस्तीत आणले. नहर-ए-अंबरीचे नाव आजही घराघरात माहीत आहे. पाठोपाठ इतर नहरी झाल्या. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला, खडकीचे औरंगाबाद झाले. १६८२ च्या सुमारास भोवती तटबंदी उठली. बावन्न दरवाजांचे शहर ही ओळख त्यातूनच आली. त्यांतले डझनभर दरवाजे आज उभे आहेत.

शहागंजची मशीद १७२० च्या आसपासची. तिची बांधणी नीट पाहिली तर बाजारपेठ कशी चालते याचा धडाच मिळतो. मशीद उंच चौथऱ्यावर आहे आणि चौथऱ्याच्या तीन बाजूंना दुकाने काढलेली आहेत. नहरीच्या पाण्याचा मोठा हौद होता. उन्हाळ्यात पाण्याचे हाल झाले की त्या हौदाने लोकांची तहान भागवल्याची नोंद जुन्या इतिहासात सापडते.  म्हणजे इबादत, पाणी आणि व्यापार एकाच चौकात. माणसाला तिथे यायला एक नाही, तीन कारणे होती.

पाणचक्कीचेही तसेच. डोंगरातून नळांनी आणलेल्या पाण्यावर तिथले जाते फिरे आणि त्या पिठावर दर्ग्यातल्या फकिरांची, मुसाफिरांची भूक भागे. पाणी, काम आणि खैरात यांची साखळी तिथे एका जागी पाहायला मिळते.

माणसे का गेली?

सत्तरच्या दशकात सिडकोने तटबंदीपासून दूर नवे औरंगाबाद आखायला घेतले. रुंद रस्ते, आखीव घरे, मोकळी मैदाने. चिकलठाणा आणि पुढे वाळूजला कारखाने आले, त्यांच्यामागे नोकरदारांच्या वसाहती आल्या. जुन्या शहरातल्या ज्याला परवडले, त्याने तिकडे घर घेतले. यात दोष कुणाचाच नाही. मुलगा शिकला, नोकरीला लागला, त्याला मोटार उभी करायला जागा हवी, बायकोला रोज पाणी हवे. गल्लीतल्या वडिलोपार्जित घरात सहा वारसांचे सहा हिस्से, जिना एकच आणि नळाला पाणी काही दिवसांआड.

घर गेले, पण दुकान मागे राहिले. खाली दुकान आणि वर घर ही जुनी रीत मोडली. वरचा मजला गोदाम झाला किंवा कुलूपबंद. बाजाराचा कणा खरे तर वरच्या मजल्यावर असतो. वर माणसे राहत असली की खाली रात्री दिवा असतो, दूधवाला येतो, शिंपी बसतो, मुले खेळतात. वर कुलूप लागले की खालचे दुकान सूर्यास्तानंतर एकटे पडते.

त्यात भाड्याचा गुंता. जुना भाडेकरू अगदी थोडे भाडे देतो, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, म्हणून भाडेकरू भाडे वाढवून देत नाही. इमारत मात्र दोघांच्या भांडणाची वाट पाहत थांबत नाही.

चार बाजू, चारही खऱ्या

पहिली बाजू रस्ता रुंद करा म्हणणाऱ्यांची. रुग्णवाहिका आत येत नाही, अग्निशमनची गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकते, हे खोटे नाही. जुन्या शहरात रस्त्यांसाठी याआधी इमारती कापल्या गेल्या. पण पुढे काय झाले, ते कोणीही चालत जाऊन पाहावे. रस्ता रुंद होतो, काही दिवसांत त्या रुंदीत गाड्या उभ्या राहतात आणि चालणाऱ्याला पूर्वीइतकीच जागा उरते. कापलेल्या घराच्या उघड्या भिंती मात्र वर्षानुवर्षे तशाच राहतात.

दुसरी बाजू वारसा जपणाऱ्यांची. स्मार्ट सिटीच्या पैशांतून काही दरवाजांची डागडुजी झाली, शहागंजचे घड्याळ उजळले. खाम नदीच्या काठावरही काम झाले. चांगली गोष्ट आहे. पण दरवाजा उजळला तरी दरवाजातून आत गेल्यावर जे शहर लागते, त्याचे काय? पर्यटक वेरूळ, अजिंठा आणि बीबी का मकबरा पाहून परततो. गुलमंडीत तो एक तासही घालवत नाही. आणि रहिवाशाला वाटते की आपल्या घरापेक्षा कमानीची काळजी जास्त आहे.

तिसरी बाजू दुकानदारांची. त्यांचे सारे म्हणणे दोन शब्दांत मावते: पार्किंग द्या. गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, असे ते म्हणतात. मग रमजानमध्ये गाडी लावायला तीळभर जागा नसताना पाय ठेवायला जागा उरत नाही, ती कशी? म्हणजे माणूस पार्किंगसाठी येत नाही, कशासाठी तरी येतो. ते कारण भक्कम असले तर तो गाडी लांब लावून चालतो. तरी बाहेरच्या अंगाला वाहनतळ हवेतच. ते पैठण गेट, औरंगपुऱ्याच्या कडेला हवेत, बाजाराच्या पोटात नकोत.

चौथी बाजू हातगाडीवाल्यांची, आणि तिला बैठकीत खुर्ची क्वचितच मिळते. दुकानदार त्यांना अडथळा समजतो, पालिका अतिक्रमण. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने मात्र त्यांना हक्क दिला आहे. आधी सर्वेक्षण करा, विक्रीच्या जागा ठरवा, नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे ४० टक्के प्रतिनिधी घ्या, मगच कोणाला हलवा. वर्षभर ज्याची गाडी उचलली जाते, त्याच्याच गाडीभोवती रमजानमध्ये सारे शहर इफ्तारचे सामान घ्यायला जमते. त्याच्या घरीही ईद असते.

इतर शहरांनी काय केले?

मुंबईच्या भेंडी बाजाराने पाडून नव्याने बांधण्याचा मार्ग धरला. साडेसोळा एकर जागा, सुमारे अडीचशे इमारती, बत्तीसशेच्या आसपास कुटुंबे. बोहरा समाजाचा ट्रस्ट पाठीशी होता म्हणून ते पेलले. तरीही वर्षे लोटली. ३१ ऑगस्ट २०१७ ला त्याच भागातली हुसैनी इमारत कोसळून ३३ जीव गेले. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत: नुसते जपून ठेवण्याचे नाव घेत थांबणे जिवावर बेतू शकते आणि एवढे मोठे काम मागे ट्रस्ट नसलेल्या मोहल्ल्याला झेपत नाही.

दिल्लीने चांदनी चौकात २०२१ मध्ये लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सव्वा किलोमीटरचा रस्ता पायी चालणाऱ्यांना दिला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी. दगडी फरशी आली, बाकडी आली. पण नियम पाळून घेणारा माणूस हलला की रिक्षा आणि दुचाकी पुन्हा आत शिरतात, ही तक्रार तिथे कायमची आहे. फरशी एकदा बसवता येते, शिस्त रोज बसवावी लागते.

अहमदाबादच्या जुन्या शहराला २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तिथल्या पोळांमधल्या वारसा घराच्या मालकाला बांधकामाचा न वापरलेला हक्क दुसरीकडे विकता येतो आणि त्या पैशातून घर दुरुस्त करता येते. आपल्याकडच्या भाडेकरू-मालकाच्या गुंत्याला ही किल्ली लागू शकते.

आणि आपण? स्मार्ट सिटीचा आपला पहिला आराखडा चिकलठाण्याकडच्या मोकळ्या जमिनीवर नवी वसाहत उभारण्याचा होता. नंतर तो बदलला. पण आपला पहिला विचार कुठे धावतो, हे त्यातून दिसून आले.

सुरुवात कुठून?

मलिक अंबरने केली तिथूनच, पाण्यापासून. शहराच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे पाणी जेव्हा येईल, तेव्हा जुन्या शहरातल्या गंजलेल्या वाहिन्या शेवटच्या रांगेत नकोत. रोज पाणी आले तर वरच्या मजल्याचे कुलूप निघण्याची आशा आहे. भाडेकरू तरुण जोडपी येतील, विद्यार्थी येतील.

दुसरे, दुरुस्तीचा पैसा. अहमदाबादसारखी सोय इथेही व्हावी, पण अट एक असावी: खाली दुकान असेल तर वर राहते घर हवे, गोदाम नको.

तिसरे, वेळ. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने राज्यातल्या बहुतेक दुकानांना वर्षभर, रात्रीही, उघडे राहण्याची मोकळीक दिली आहे. तरी एरवी दहा-अकराला शिट्टी वाजतेच. पैठण गेटपासून टिळकपथाने गुलमंडी, मछली खडक, सिटी चौक आणि शहागंज हा सलग पट्टा आठवड्यातून एक संध्याकाळ मोटारीशिवाय ठेवून पाहावा. पक्के बांधकाम नको, कोट्यवधींची निविदा नको. लाकडी अडथळे, चार पोलीस, दिवे, पाण्याचे टाके आणि स्वच्छतागृहे. बायका बाजारात किती वेळ थांबतात, हे बहुधा स्वच्छतागृहावर ठरते. ही गोष्ट बैठकीत पुरुषांच्या लक्षातच येत नाही. तीन महिन्यांत फायदा झाला नाही तर अडथळे काढून टाकता येतील.

यात एक भीती आहे, ती दडवण्यात अर्थ नाही. बाजार सुधारला की भाडे वाढते, आणि ज्यांच्या नावाने सुधारणा झाली तेच आधी उठतात. शेवया करणारी बाई, चाकूला धार लावणारा, कासार, हाताने हिमरू विणणारे उरलेसुरले कारागीर यांच्याशिवाय उभा राहिलेला बाजार म्हणजे कमान लावलेला आणखी एक मॉल. म्हणून त्यांच्या जागा आधी लिहून घ्याव्यात, फरशी नंतर बसवावी. वक्फ, देवस्थाने आणि पालिका यांचीही या भागात दुकाने आहेत. त्यांनी आपली काही दुकाने अशा कारागिरांसाठी परवडणाऱ्या भाड्यात राखून ठेवली तरी बरेच साधेल. शहागंजच्या मशिदीने चौथऱ्याखाली दुकानांना जागा दिली, तेव्हा व्यापार आणि सेवा यांचे नाते असेच मानले होते.

पालिकेला मोठी पाहणी करायची असेल तर तिने हाच महिना निवडावा. तरावीहनंतर कोणत्या चौकात किती माणसे येतात, कुठून येतात, पायी की रिक्षाने, कुठे अडतात, कुठे बसतात, कचरा कुठे साचतो, हे दहा रात्री मोजले तरी जुन्या शहराचा आराखडा निम्मा तयार होईल. मोजायला कॉलेजची मुले मिळतील. ईदचा चंद्र दिसायच्या आत हे काम व्हायला हवे.