ग्राहकाची वैयक्तिक माहिती : कायदेशीर हक्क आणि तक्रारीचा मार्ग

प्रस्तावना

दुकानात बिल करताना विक्रेता भ्रमणध्वनी क्रमांक विचारतो आणि ग्राहक तो सहजपणे सांगून मोकळा होतो. वस्तूची किंमत रोख दिलेली असते. व्यवहार पूर्ण होण्यासाठी त्या दहा अंकांची काहीही आवश्यकता नसते. पुढे त्याच क्रमांकावर कर्जाचे, विम्याचे आणि भूखंडांचे दूरध्वनी येऊ लागतात, तेव्हा तो कोणाकडून कोणाकडे गेला हे शोधण्याचे साधन ग्राहकाजवळ नसते. ग्राहक चळवळीने वजन, माप, भेसळ व छापील किंमत या बाबतींत महाराष्ट्रातील ग्राहकाला पुष्कळ जागे केले. परंतु माहिती हीदेखील आपण मोजलेली एक किंमत आहे, ही जाणीव अद्याप रुजावयाची आहे. प्रस्तुत लेखात या माहितीवरील ग्राहकाचे हक्क आणि तक्रारीची रीत यांचा विचार केला आहे.

घटनात्मक आधार

न्या. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणाचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा अंगभूत भाग आहे. त्यानंतर न्या. श्रीकृष्ण समितीचा २०१८ चा अहवाल, २०१९ चे विधेयक, २०२२ मध्ये ते मागे घेणे, असे टप्पे होत ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मंडळाच्या स्थापनेविषयीच्या तरतुदी लगेच लागू झाल्या. ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाच्या बहुतेक तरतुदी मात्र अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अंमलात याव्यात अशी योजना आहे.

अधिनियमाचे स्वरूप

या अधिनियमाने माहिती गोळा करणाऱ्यास 'डेटा फिड्युशिअरी' म्हटले आहे. फिड्युशिअरी म्हणजे विश्वस्त. शब्दाची ही निवड अर्थपूर्ण आहे. विश्वस्ताकडे ठेव असते, मालकी नसते. ज्या कारणासाठी ठेव सोपविली त्याच कारणासाठी ती वापरावयाची असते. संमतीविषयीचे कलम ६ याच तत्त्वावर उभे आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असली पाहिजे आणि ती उद्दिष्टापुरती आवश्यक असलेल्या माहितीपुरतीच मर्यादित असते. दिवे चालू-बंद करण्याच्या विजेरी उपयोजनाने संपर्कयादी मागितली, तर 'मान्य' हे बटण दाबूनही ती संमती तेवढ्या अंशी ग्राह्य ठरत नाही. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असे हे कलम सांगते. आज एका स्पर्शाने दिलेली संमती मागे घेण्यासाठी चार पाने धुंडाळावी लागतात, हे ध्यानी घेता ही तरतूद लहान नाही.

संमतीपूर्वी द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळावयाचा आहे. मराठी व कोकणी या दोन्ही भाषा त्यात येतात. मराठीत सूचना मागणे हा यापुढे भाषाभिमानाचा नव्हे, तर कायद्याचा प्रश्न ठरेल.

कलमे ११ ते १४ यांत चार हक्क आहेत : आपल्या माहितीचा गोषवारा व ती ज्यांना दिली त्यांची ओळख मिळविणे, माहिती दुरुस्त, पूर्ण किंवा नष्ट करून घेणे, गाऱ्हाण्याचे निवारण, आणि मृत्यू वा असमर्थता आल्यास हे हक्क बजावण्यासाठी नामनिर्देशन करणे. यांपैकी नष्ट करून घेण्याचा हक्क निरपवाद नाही. अन्य कायद्याने जतन करावयास सांगितलेली माहिती पुसता येत नाही. उदाहरणार्थ, बँकेला ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रे खाते बंद झाल्यावरही पाच वर्षे ठेवावी लागतात. तसेच अधिनियम अंकीय माहितीपुरता आहे. गृहसंकुलाच्या फाटकावरील वहीत हाताने लिहिलेले नाव-पत्ता, तो संगणकात उतरविला जाईपर्यंत, त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

तक्रार कशी करावी

पहिली पायरी त्या संस्थेकडेच आहे. ही पायरी टाळून थेट मंडळाकडे गेल्यास तक्रार टिकत नाही. संस्थेची निवारण-व्यवस्था आधी वापरलेली असणे हे कलम १३ नुसार आवश्यक आहे. तक्रार लेखी असावी. 'माझी माहिती फुटली' एवढे मोघम वाक्य निरुपयोगी ठरते. कोणती माहिती, कोणत्या दिवशी, कोणत्या व्यवहारात दिली. कोणता गैरवापर कधी आढळला. आणि नेमके काय हवे आहे, गोषवारा, दुरुस्ती, की पुसून टाकणे, हे स्वतंत्रपणे लिहावे. बिल, लघुसंदेश व पडद्याची छायाचित्रे जोडावीत आणि पोच जपून ठेवावी. नियमांनी निवारणाला जास्तीत जास्त नव्वद दिवसांची मर्यादा घातली आहे. त्यानंतर भारतीय डेटा संरक्षण मंडळ, आणि मंडळाच्या आदेशाविरुद्ध साठ दिवसांत दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरण, असा क्रम आहे. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

नवी व्यवस्था पूर्णपणे लागू होईपर्यंत २०११ चे माहिती तंत्रज्ञान नियम उपयोगी पडतात. त्यांनुसार प्रत्येक कंपनीने गाऱ्हाणी अधिकाऱ्याचे नाव व संपर्क आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. बँकेकडून तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. दुकानदाराविषयी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. बिलासाठी भ्रमणध्वनी क्रमांकाचा आग्रह धरू नये, असे ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना कळविले आहे. पैसे गेले असतील, तर मात्र पत्रव्यवहारात वेळ न दवडता प्रथम १९३० हा क्रमांक लावावा.

भरपाईचा प्रश्न

अधिनियमाची खरी उणीव येथे आहे. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु ही रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली, त्याच्या हाती त्यातील एक रुपयाही येत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३अ खाली संवेदनशील माहितीच्या बाबतीत राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे भरपाई मागता येत असे. नव्या अधिनियमाने ते कलमच वगळण्याची तरतूद केली आहे. विश्वस्ताने ठेव गमवावी, दंड सरकारात भरावा आणि ठेवीदाराने रिक्त हस्ते परतावे, ही रचना न्याय्य म्हणता येणार नाही. सुदैवाने २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात, ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती बेकायदेशीरपणे उघड करणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाची वाट त्यामुळे खुली आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या ग्राहकाला ती जवळचीही आहे.

महाविद्यालयांची बाजू

येथवर संस्था म्हणजे दुकान वा बँक असे गृहीत धरले आहे. पण महाविद्यालयदेखील या अर्थाने विश्वस्तच आहे. प्रवेश अर्जात जात, उत्पन्न, आधार क्रमांक, बँक खाते आणि पालकांचा दूरध्वनी एकत्र येतात. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील, म्हणजे अधिनियमाच्या भाषेत बालक असतात. शिष्यवृत्तीच्या याद्या अशा सर्व तपशिलांसह वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. नाव व अर्ज क्रमांक एवढ्यावर काम भागते. जातीचा आणि खाते क्रमांकाचा रकाना पाठविण्यापूर्वी काढून टाकण्यास कार्यालयाला दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.