जुनी पिकअप : इंजिन नवे करता येते, चेसिस आणि कागद नाही

जिंतूरहून मंठा-जालन्याकडे जाताना चारठाणा लागते. बाहेरचा माणूस इथे येतो तो जुनी दगडी मंदिरे, उंच स्तंभ आणि पायऱ्यांचा कुंड पाहायला. गावच्या माणसाची नजर मात्र सकाळी उभ्या असलेल्या पिकअपांवर असते. आज कोणाची गाडी परभणीला जाणार, कोणाची सेलूला कापूस घेऊन निघणार, परतीला कोणाच्या गाडीत जागा आहे, यावर दिवसाचा हिशेब बसतो. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस, भाजीपाला, सिमेंट, पाण्याच्या टाक्या, ईदुल अज्हाच्या आधी बकरे, काय वाहत नाही ही गाडी! आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची रोजी तिच्या चार चाकांवर आहे आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या आहेत.

जुनी गाडी घेण्याचे कारण उघड आहे. नवी घ्यायची तर फायनान्स आणि फायनान्स म्हटले की व्याज. ते नको म्हणून जमवलेल्या पैशात, रोखीने, जुनी गाडी घेणारे पुष्कळ आहेत. निर्णय चांगला आहे. पण "स्वस्तात मिळाली" हे वाक्य मला पटत नाही. जुनी गाडी हप्ता मागत नाही, पण काम मागते, आणि ते कधी मागेल हे सांगून मागत नाही.

आमच्या घरची पिकअप २००९ सालची. अब्बांनी ती दुसऱ्या मालकाकडून घेतली. काही वर्षे चांगली चालली, मग चढावर दम तोडू लागली. सायलेन्सरमधून निळा धूर, ऑईलची पातळी दर आठवड्याला खाली, आणि इंजिन चालू असताना ऑईल भरायचे झाकण उघडले की तिथून भकाभका वाफ. घरात तीन मते झाली. भाईजान म्हणाले, विकून टाकू. चाचा म्हणाले, कर्ज काढून नवी घेऊ. अब्बांना तीच गाडी दुरुस्त करायची होती. पैसे होते ते धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले, त्यामुळे ही चर्चा नुसती गाडीची नव्हती. अम्मीने एवढेच विचारले, "दुरुस्त केली तर किती वर्षं चालेल, ते कुणी सांगेल का?"

उत्तर मिस्त्रींनी दिले. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. म्हणाले, "भाई, इंजिनाचं मी बघतो. आधी गाडीखाली झोपून चेसिस बघू. चेसिस गेली असेल तर इंजिनावर एक रुपयाही लावू नका." टॉर्च आणि हातोडी घेऊन ते खाली शिरले. हौद्याखालचे आडवे पट्टे, मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा, सगळीकडे हातोडीने ठोकून पाहिले. टणक आवाज आला तर लोखंड जिवंत, भद्द आवाज आला तर आतून गंजलेले. खत, मीठ आणि ओला भाजीपाला वाहणाऱ्या गाड्यांचे लोखंड आतून खाल्ले जाते आणि वरून रंग मारलेला असतो. चेसिसला आधी वेल्डिंग झालेले असेल तर ते कुठे आणि का झाले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आमची चेसिस धड निघाली. मग इंजिन उतरवले.

इथे थोडे यंत्राविषयी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा साधारण अठरा-वीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजे या इंजिनाचा सगळा जीव दाबात आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, वाल्व नीट बसेनासे झाले, हेड गॅस्केट फुटले, की दाब गळतो आणि गाडी सकाळी चालू व्हायला कुरकुरते. धुराचा रंगही बोलतो. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहा, मग नोझल आणि पंप. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ आला तर चिंता नाही, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जाते आहे. डिपस्टिकवरचे ऑईल दुधाळ चहासारखे दिसले तर गाडी जागेवर बंद करा. आणि एक घरगुती सूचना : गाडी अंगणात, चुलीच्या आणि लेकरांच्या जवळ, गरम व्हायला सोडून देऊ नका. डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे.

गावात दोन शब्द चालतात, हाफ इंजिन आणि फुल इंजिन. हाफमध्ये हेड उतरवून वाल्व, रिंगा, गॅस्केट इतपत काम होते. फुलमध्ये क्रँकपर्यंत सगळे उघडते. निम्म्या तक्रारी इथे जन्मतात, कारण फुलचे काम असताना पैशासाठी हाफ केले जाते आणि सहा महिन्यांत पुन्हा इंजिन उतरते. आमच्या गाडीला फुल काम निघाले. ब्लॉक आणि क्रँक शहरातल्या लेथवर गेले. लायनर असतील तर ते बदलतात, नाहीतर बोअर मोठा करून ओव्हरसाईज पिस्टन टाकतात. क्रँक घासून पाव मिलिमीटरने बारीक केला तर मेटलही त्याच मापाचे लागते, आणि ते माप लेथवाल्याकडून कागदावर लिहून घ्यावे. हेडला तडा आहे का, हे दाबाखाली तपासून घ्यावे. फ्युएल पंप आणि नोझल टेस्ट बेंचवर लावून घ्यावेत. इंजिन नवे आणि पंप जुना ठेवला तर नवे पिस्टनच जळतात.

सुटे भाग घ्यायला अब्बा स्वतः गेले. पिस्टन, रिंगा, मेटल, गॅस्केट या चार गोष्टींत स्वस्त माल घेऊ नये, हे त्यांचे मत आणि माझेही. हौद्याचा पत्रा, सीट, दिवे जुन्या बाजारातून आणले तरी चालते. ब्रेकची एकही वस्तू तिथून आणू नये. उतरवलेले जुने भाग परत मागून घ्या, ते तुमचे आहेत आणि काय बदलले याचा पुरावाही तेच.

इंजिन बसल्यावर पहिले हजार किलोमीटर अर्धेच वजन भरायचे, एकसारख्या वेगाने फार वेळ पळवायचे नाही, मग ऑईल आणि फिल्टर बदलायचे. हंगाम तोंडावर असताना हे जमत नाही. म्हणून मोठे काम पेरणीनंतर, पावसाळ्यात भाडे कमी असते तेव्हा काढावे. कापूस सुरू होण्याआधी इंजिन बसलेले असते.

मागे पाहिले तर या गाड्यांची गोष्टही मजेदार आहे. ज्याला आपण टेम्पो म्हणतो ते मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव. १९५८ साली बजाज टेम्पो स्थापन झाली आणि शब्द मराठीत कायमचा राहिला. मराठवाड्यातल्या रस्त्यांवर एकेकाळी राज्य करणाऱ्या मॅटॅडोरमध्ये पुढे मर्सिडीज बेंझच्या परवान्याने बनलेले इंजिन आले. महिंद्रा कंपनी तर १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' म्हणून सुरू झाली होती. त्यातले भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ साली नाव बदलले, आद्याक्षरे तीच राहिली. या कंपनीच्या जीपगाड्यांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेली डिझेल इंजिने होती. तिच्याच जुन्या पिकअपमधले २५२३ सीसीचे इंजिन आणि टाटा २०७ मधले तीन लिटरच्या आसपासचे इंजिन आजही खेड्यातला मिस्त्री कॉम्प्युटर न लावता उघडतो. देशभर १ एप्रिल २०१७ ला बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आले. नव्या गाड्या धूर कमी सोडतात हे खरेच, पण त्यांचे सेन्सर आणि इंजेक्टर तपासायला स्कॅनर लागतो.

आता कागद. चेसिसइतकाच महत्त्वाचा विषय, आणि आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. बाँड पेपरवर लिहून घेतले, पैसे दिले, चावी घेतली, झाले! असे होत नाही. आरसीवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी विकली पण नाव बदलले नाही आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. म्हणून विकणाऱ्यानेही झोपू नये. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, फायनान्सचा बोजा उतरवायला ३५, दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीतली गाडी आपल्याकडे आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी. एमएच-२१ ची जालन्याची गाडी एमएच-२२ परभणीत आणताना नेमके हेच राहून जाते. चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी स्वतः जुळवून पाहा. इंजिन दुरुस्त न करता दुसरेच बसवायचे असेल तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्या, नंतर नाही.

वाहन आठ वर्षांचे झाले की व्यावसायिक गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. चालवणाऱ्या मुलाकडे साधे हलक्या वाहनाचे लायसन्स असेल तर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी तो चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केले. या निकालाची माहिती घरात प्रत्येकाला हवी, कारण विम्याचे दावे याच मुद्द्यावर अडवले जात होते.

एक गोष्ट बहिणींसाठी मुद्दाम लिहितो. निकाह असो, वलीमा असो, उरूस असो, पिकअपच्या हौद्यात सतरंजी टाकून बायका-पोरे बसवली जातात. मालवाहू गाडीत बसवलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००२ पासून आहे. म्हणजे दुर्घटना झाली तर एका घरातली माणसे जातात आणि दुसऱ्या घराची गाडी, शेत, सगळे भरपाईत जाऊ शकते. "आपलीच माणसं आहेत, जवळच तर जायचंय" असे कोणी म्हटले की अम्मी गाडीची चावी स्वतःकडे घेते. नातेवाईक रुसतात. रुसू द्यावे.

आमचे इंजिन बसले त्याला तीन हंगाम झाले. बहिणीची पहिली फी उधारीवर गेली, व्याजाशिवाय, मामूंकडून. ती त्या वर्षीच्या कापसाच्या भाड्यांतून फिटली. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. भाईजान आजही म्हणतात की विकायला हवी होती, आणि चेसिस खराब निघाली असती तर त्यांचेच बरोबर ठरले असते.

विकायची वेळ आलीच तर ऐब लपवू नये, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. घट्ट ऑईल टाकून धूर दाबता येतो, आवाज काही दिवस लपवता येतो. ते सगळे घेणाऱ्याच्या पोरांच्या ताटातून वसूल होते. आणि चेसिस गेलेली गाडी कोणाला विकूच नये. ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्या आणि परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. नवी गाडी घेताना करात सवलत मिळायला हेच प्रमाणपत्र उपयोगी पडते. भंगारवाल्याला तशीच तोडायला दिली तर आरसीवर तुमचे नाव जिवंतच राहते आणि तो नंबर उद्या कोणत्या गाडीवर फिरेल, सांगता येत नाही.