टाकीतले पाऊण लाख व्होल्ट

मिरजेला गेलो होतो रुग्णालयांवर लिहायला. एवढ्या लहान गावात इतके दवाखाने कसे, हे शोधून आणा, अशी संपादकांची आज्ञा होती. वानलेस यांच्या मिशन रुग्णालयाचा इतिहास वाचून झाला होता, डॉक्टरांच्या वेळा ठरल्या होत्या. पण दोन दिवस गेले ते एका पत्र्याच्या शेडमध्ये, तेलकट टाकीपुढे. तंबोऱ्याचे भोपळे टांगलेल्या दुकानांपासून ही शेड हाकेच्या अंतरावर आहे. आत सात-आठ एक्स-रे मशीनं अर्धवट उघडून ठेवलेली, आणि मध्ये स्टुलावर अण्णा. या मशीनांच्या दुरुस्तीत त्यांची चाळीस वर्षं गेली.

एक्स-रे म्हटलं की आपल्याला गार टेबल, वर लोंबणारं डोकं आणि ‘श्वास रोखा’ एवढंच आठवतं. अण्णांच्या लेखी ती सगळी दर्शनी बाजू. त्यांचा जीव आहे कोपऱ्यातल्या करड्या टाकीत, जिच्यावर दवाखान्यातली माणसं खुशाल फायली आणि डबे ठेवतात. तिच्यात हाय टेन्शन ट्रान्सफॉर्मर तेलात बुडवून ठेवलेला असतो. एका बाजूने 230 व्होल्ट घालायचे, दुसऱ्या बाजूने लाख-सव्वा लाख काढायचे. एका वेढ्याला पाचशे वेढे, असा काहीसा हिशोब.

इतिहास थोडक्यात. 8 नोव्हेंबर 1895 ला व्युर्त्सबुर्गमध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले तेव्हा किरण सोडणाऱ्या नळीला वीज मिळत होती इंडक्शन कॉइलमधून; प्रवाह तोडायचा, जोडायचा, पुन्हा तोडायचा. 1907 मध्ये अमेरिकेत स्नूक यांनी ही तोडाजोडी संपवली. त्यांनी सरळ ट्रान्सफॉर्मर घेतला आणि मोटरवर फिरणाऱ्या दांड्यांनी उलटसुलट प्रवाह एका दिशेला वळवला. यंत्र खोली भरून टाकणारं आणि कडकडाट करणारं होतं. 1913 मध्ये कूलिज यांनी नळीत तापणारी टंगस्टनची तार बसवली. त्यानंतरही कित्येक वर्षं उघड्या तारा छताखालून जात, आणि त्यांना चुकून हात लागून माणसं दगावली. तारा टाकीत आणि रबरी केबलीत शिरल्या, तेव्हा एक्स-रे खोलीत जरा निर्धास्तपणे वावरता येऊ लागलं.

मी टाकीच्या झाकणाकडे वाकलो तशी अण्णांनी मला मागे ओढलं. “थांबा साहेब, आधी केबल रिकामी करू दे.” त्यांनी केबलीचं टोक अर्थच्या पट्टीला टेकवलं. मिनिटभराने पुन्हा टेकवलं. मी विचारलं, एकदा झालं ना? “लपून बसतं की ते,” अण्णा म्हणाले. केबलीचा रबर थोडा भार पोटात धरून ठेवतो आणि सावकाश बाहेर सोडतो. रिकामी केलेली केबल काही वेळाने परत चावू शकते. मशीन बंद आहे म्हणून हात घालणारा शहाणा माणूस या धंद्यात फार टिकत नाही.

झाकण उघडलं. तेलाखाली लाकडी पट्ट्यांत बांधलेली दोन मोठी वेटोळी होती. त्यांच्या सांध्यातून एक तार टाकीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला, जोडलेली. सगळी हुशारी या एका तारेत आहे. नळीला दीड लाख व्होल्ट हवे असतील तर एका टोकाला अधिक पाऊण लाख, दुसऱ्याला उणे पाऊण लाख. नळीला पुरे दीड लाख मिळतात, पण प्रत्येक केबलीला जमिनीपासून पाऊण लाखच सांभाळावे लागतात. निम्म्या जाडीत काम भागतं.

मी मात्र अडकलो ते कडेच्या एका लहानशा ट्रान्सफॉर्मरपाशी. त्याचं काम नळीतली तार तापवण्याचं. फार तर दहा-बारा व्होल्ट, चार-पाच अँपिअर. स्कूटरच्या दिव्याला पुरेल एवढी वीज. पण ही तार नळीच्या उणे टोकाला असल्याने ते दहा व्होल्ट पाऊण लाखाच्या डोक्यावर बसून आपलं काम करतात. वायरीवर बसलेल्या चिमणीसारखे. त्या ट्रान्सफॉर्मरचा एक वेढा घरच्या लाइनला, दुसरा त्या उंचीवर, आणि दोघांच्या मध्ये कागदाची जाड नळी आणि तेल. बास. तारेचा प्रवाह किंचित वाढवला की नळीतला प्रवाह झपाट्याने वाढतो. म्हणून फोटो नीट येईना तर अण्णा आधी इथे बघतात, डॉक्टर मात्र आधी फिल्मला दोष देतात.

टाकीपेक्षा कटकट लाइनची. 100 मिलिअँपिअर आणि 70 किलोव्होल्टचा फोटो म्हणजे त्या क्षणापुरते लाइनमधून 25-30 अँपिअर ओढले जाणं. डीपी लांब असेल आणि वायर अर्ध्या ओहमची, तर 12-15 व्होल्ट वाटेतच गळतात. पॅनेलवर 70 लिहिलेलं, नळीवर 66. फिल्मचा काळेपणा किलोव्होल्टच्या साधारण चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे एवढ्याशा घटीत तो पाचव्या हिश्शाने उतरतो. जुन्या पॅनेलवर यासाठी लाइन जुळवायचं बटण असे. ते फिरवायला कंटाळलेला माणूस सेकंद वाढवतो आणि रुग्णाला जास्तीचे किरण देतो.

नव्या मशीनांनी हे सगळं मोडीत काढलं. लाइनची वीज आधी सरळ करायची, मग सेकंदाला वीस हजार किंवा जास्त वेळा उलटसुलट करून ट्रान्सफॉर्मरला द्यायची. वेग एवढा वाढला की गाभा लहान पुरतो. टाकीच्या जागी मांडीवर मावेल असा डबा येतो. सर्किट क्षणाक्षणाला व्होल्टेज मोजतं आणि सावरतं. लाट सपाट, फोटो एकसारखा, कमी किरणांत काम. अण्णाही मानतात. “फोटो याचाच चांगला. खोटं कशाला बोलू?”

मग अडचण कुठे? डबा सीलबंद असतो. आतला एक घटक जळला तर पूर्ण डबा बदलायचा. मशीनच्या पोटातली माहिती कंपनीच्या पासवर्डमागे. शेडमध्ये असं एक मशीन भिंतीला टेकवून ठेवलंय. पडद्यावर बिघाडाचा आकडा येतो, त्या आकड्याचा अर्थ सांगायला कुणी नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे दर दोन वर्षांनी मान्यताप्राप्त संस्थेकडून मशीनची तपासणी व्हावी लागते. पॅनेलवरचा आकडा आणि नळीवरचा आकडा यांत 5 किलोव्होल्टपेक्षा जास्त फरक चालत नाही. नियम योग्यच आहे. पण तपासणीत नापास झालेलं जुनं मशीन पुन्हा जुळवणारी माणसं कमी होत चाललीत. अण्णांकडे शिकायला आलेला पोरगा मागच्या वर्षी मोबाइल दुरुस्तीत गेला. तिथे पैसे रोज मिळतात आणि मरायची भीती नाही.

त्यात जुलै महिना. तेलात पाणी शिरलं, अगदी दशलक्ष भागांत काही डझन भाग, तरी ते ठिणगी अडवेनासं होतं. म्हणून तेल तापवायचं, गाळायचं, हवा न लागू देता पुन्हा भरायचं, आणि बुडबुडे निघून जाईपर्यंत टाकी निवांत ठेवायची. अण्णांनी कपात तेल घेतलं, अडीच मिलिमीटर अंतरावर दोन गोळे बसवले आणि व्होल्टेज चढवत गेले. 22 हजारांवर टच् करून निळी रेघ उडाली. त्यांना 40 हजार तरी हवे होते.

फोन वाजला. तालुक्याचा दवाखाना, सकाळपासून तिसऱ्यांदा. अण्णा म्हणाले, “डॉक्टर, आज नाही. उद्याही नाही. पाऊस उघडू दे.” पलीकडून काहीतरी मोठ्याने ऐकू आलं. अण्णांनी फोन खिशात घातला, टाकीचं झाकण ठेवलं, वर प्लास्टिक ओढलं आणि चारही बाजूंनी सुतळी आवळायला बसले.