बायबलकथांतील संख्या आणि मराठी वाचक

प्रस्तावना :
पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेला बायबलचा संपूर्ण मराठी अनुवाद, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाला. अनुवादात शब्द पालटतात, संख्या मात्र तशाच उतरतात. म्हणून संख्यांना स्पष्टीकरणाची गरज नाही, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजाचा विचार केला आहे.

४० : मुदतीची संख्या
जलप्रलयाचा पाऊस ४० दिवस पडला. मोशे सीनाय पर्वतावर ४० दिवस राहिला. येशूने ४० दिवस उपवास केला. या कथांत ४० ही एक अवस्था संपून दुसरी सुरू होण्याची मुदत आहे. लेवीय ग्रंथात मुलगा झाल्यास बाळंतिणीच्या शुद्धीसाठी ७ आणि ३३ असे एकूण ४० दिवस सांगितले आहेत. बाळंतिणीचा सव्वा महिना पाळणाऱ्या मराठी घरांना ही कल्पना परकी नाही.

१२ : पूर्णत्वाची संख्या
इस्राएलचे वंश १२. परंतु त्यांच्या याद्या सर्वत्र सारख्या नाहीत. प्रकटीकरणातील यादीत दान वंश नाही, तरी बेरीज १२ च आहे. आपल्या गावगाड्यातही बलुतेदारांची यादी गावोगाव भिन्न असे, संख्या मात्र बाराच सांगितली जाई. येशूच्या १२ शिष्यांपैकी यहूदाची जागा रिकामी होताच मत्थियाची निवड झाली, ती याच दृष्टीने.

१४ : अनुवादात हरवणारी संख्या
मत्तयाने येशूची वंशावळ १४ पिढ्यांच्या तीन गटांत मांडली आहे. त्यासाठी अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे वगळले आहेत. हिब्रूत अक्षरांनाच अंकमूल्य असते. ‘दावीद’ या नावाची बेरीज ४ + ६ + ४ म्हणजे १४ होते. येशू हा दावीदाचा वंशज आहे, हे ही रचना सुचवते, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्याकडील कटपयादी पद्धती जाणणाऱ्यास हे सहज पटेल. पण मराठी पानावर त्याची खूण उरत नाही.

समारोप :
प्रत्येक संख्या प्रतीकात्मक मानणेही योग्य नव्हे. ‘गणना’ या ग्रंथातील ६,०३,५५० हा आकडा २० वर्षांवरील, युद्धास योग्य पुरुषांच्या मोजदादीचा म्हणून दिला आहे. तेथे निवेदनाचा हेतू निराळा आहे. म्हणून अनुवादित धर्मग्रंथ वर्गात शिकविताना संख्येचे कथेतील कार्य आधी पाहावे. तसे न केल्यास विद्यार्थी तिला एक तर असत्य ठरवतो किंवा चमत्कार मानतो. दोन्ही प्रकारे कथेचा अर्थ निसटतो.