लोहगड चढलात, पण रक्त तपासलंत का?

"दम न लागता लोहगड चढतो, मला काय होणार?" असं आपण मावळकर सहज म्हणतो. पण सडपातळ अंगातही चरबी लपलेली असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१!

म्हणून वजनकाट्यावर थांबू नका. एलडीएल कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासा. लायपोप्रोटीन-ए आनुवंशिक असतं. बहुधा एकदा तपासलं की पुरे. सीआरपी सर्दी-तापातही वाढतो, तेव्हा तो तपासू नका.

एकटा आकडा म्हणजे भविष्य नव्हे. वय, रक्तदाब, तंबाखू, घरातला हृदयविकार हे सगळं जोडूनच डॉक्टर धोका ठरवतात. मुलांची प्रगतीपुस्तकं आपण बारकाईनं वाचतो. एकदा स्वतःचंही वाचूया!